‘टाइम आउट’च्या आधीची तबकडी

डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचं नाव निघालं की बहुतेकांना ‘टेक फाइव्ह’ आठवतं. पाच मात्रांच्या चक्रात पियानो एकच छोटा तुकडा घोळवत राहतो आणि त्यावरून सॅक्सोफोन अगदी निवांत चालत जातो. ही धून ज्या ‘टाइम आउट’ तबकडीत आहे, ती १९५९ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली. तिला एवढं यश मिळालं की जेमतेम वर्षभर आधी ब्रुबेकने केलेली ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ मागे पडली ती पडलीच. या तबकडीत सहा रचना आहेत. शेवटची रचना भारतातून उचललेली आहे, तिचं नाव ‘कलकत्ता ब्लूज’.

माझं म्हणणं असं, की ही तबकडी ऐकायला जो कान लागतो तो बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही सप्ताहाच्या मांडवात आयता सापडेल. आपल्या मातीचं कौतुक म्हणून हे बोलत नाही. ब्रुबेक कुठे वाढला, १९५८ साली त्याने आपल्याकडे काय ऐकलं आणि परत गेल्यावर पियानोवर काय केलं, हे पाहिलं की ते आपोआप पटतं.

ब्रुबेकचा जन्म १९२० चा, कॅलिफोर्नियातल्या काँकर्डचा. आई पियानो शिकवायची. वडील गुरं राखणारे, मोठ्या कुरणांची व्यवस्था पाहणारे. मुलगा शाळकरी असताना घर आयोन नावाच्या गावाजवळच्या कुरणावर हललं आणि पोराचे दिवस घोड्यावर जाऊ लागले. गुरांना पाणी पाजायला तिथे लहानसं इंजिन होतं. टाकी भरेपर्यंत ते चालवायचं, तोवर तिथेच थांबायचं. त्या इंजिनाची फटफट एका चालीने, घोड्याची टाप दुसऱ्या चालीने. हा मुलगा त्या दोन्हींवर तिसरीच लय मनात धरून बसायचा. आपल्या डोक्यात एका वेळी अनेक लयी खेळू लागल्या त्या इथे, असं तो म्हातारपणापर्यंत सांगत राहिला.

हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या खोपटात बसवलेलं ऑइल इंजिन, हँडल मारून ते सुरू करणारा गडी, जड चाकावरून पंपाकडे गेलेला पट्टा, आणि मग रात्रभर दारं धरणाऱ्याच्या कानात घुमणारा तो एकसुरी ठोका. वीज पोचून मोटारी बसेपर्यंत आपल्या शिवाराचा तोच ठेका होता. त्याच वेळी बांधावरून बैलगाडी गेली तर घुंगरमाळेची लय वेगळी. दोन्ही एकदम ऐकू येतात, मध्येच कुठेतरी एकमेकींना भेटतात आणि पुन्हा सुटतात.

ही भेट कशी होते ते हाताने करून पाहण्यासारखं आहे. बारा मात्रा धरा. एका हाताने दर तिसऱ्या मात्रेला ठोका द्या, दुसऱ्या हाताने दर चौथ्या मात्रेला. पहिल्या ठोक्याला दोन्ही हात बरोबर पडतील, मग थेट तेराव्याला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर. मधला सगळा काळ ते एकमेकांना चुकवत राहतील. आपले पखवाजवाले आड लय घेतात तेव्हा हेच घडतं. टाळकरी आपल्या चालीत असतात, मृदंग तिरका चालतो आणि समेवर सगळे एकत्र येतात. अमेरिकेतला त्या काळचा जॅझ मात्र मुख्यतः चार मात्रांत नांदत होता. पाच, सात, नऊ मात्रांत वाजवणं तिथे धाडस होतं. आपल्याकडे झपताल दहाचा, रूपक सातचा, आणि ते शिकायला कोणाला धाडसी व्हावं लागत नाही.

ब्रुबेकचं दुसरं धाडस सुरांतलं होतं. कॉलेजात तो आधी गुरांचा डॉक्टर व्हायला गेला होता. तुझं मन समोरच्या संगीत विभागात आहे, तिकडेच जा, असं म्हणून त्याच्या प्राध्यापकांनीच त्याला तिकडे पाठवलं. तिथे कळलं की या मुलाला स्वरलिपी वाचता येत नाही. १९४२ साली पदवी मिळाली ती आयुष्यात पियानो शिकवणार नाही या अटीवर. महायुद्धातली सैन्याची नोकरी संपल्यावर तो फ्रेंच रचनाकार दारियुस मियो यांच्याकडे शिकला. मियो एकाच वेळी दोन पट्ट्यांत रचना करत. म्हणजे डाव्या हाताचा षड्ज काळी एकवर आणि उजव्या हाताचा पांढरी चारवर, दोन्ही एकदम. ब्रुबेकने हे जॅझमध्ये आणलं. पियानोवर दोन्ही हातांनी भरगच्च सुरावटी आपटणं ही त्याची ओळख झाली. काही समीक्षकांना त्याचा हात जड वाटे, लोकांना मात्र तो आवडला. १९५४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतलं.

मियोंनी त्याला सल्ला दिला होता की जॅझ सोडू नकोस आणि जगभर हिंडताना कान उघडे ठेव. ती संधी सरकारी खर्चाने आली. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत अमेरिकेचं परराष्ट्र खातं जॅझवाल्यांना देशोदेशी दौऱ्यावर पाठवत होतं. १९५८ च्या पूर्वार्धात ब्रुबेकची चौकडी निघाली. पियानोवर तो स्वतः, अल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, बासवर यूजीन राइट, ड्रमवर जो मोरेलो. पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, सिलोन, इराण, इराक असा तो लांबलचक रस्ता होता.

त्यातला एक मुक्काम मुंबईचा. बीड जिल्हा दीड वर्षापूर्वीच, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. म्हणजे आपल्या नव्या राजधानीत हा माणूस वाजवून गेला. मुंबईला तोवर जॅझ नवा राहिला नव्हता. शिकागोचा टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्याच्या वादकांनी तर ही विद्या आपलीच केली होती. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी मिळून तिला हिंदी सिनेमात आणलं. ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ १९५१ चं. पुढे लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी ते गावोगाव पोचवलं. जॅझचं नावही न ऐकलेल्या माणसाने त्याची चव अशी कधीच घेतलेली आहे.

मुंबईत ब्रुबेकची गाठ पडली सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी. स्वतःचा जाफरखानी बाज घडवलेले हे कलाकार मुंबईकर आणि सिनेमालाही परके नव्हते. वसंत देसाईंच्या ‘झनक झनक पायल बाजे’त आणि ‘गूँज उठी शहनाई’त त्यांची सतार आहे. दोघे एकत्र वाजवायला बसले. खाँसाहेबांबरोबर वाजवताना आपली वाजवण्याची रीतच बदलली, असं ब्रुबेकने नंतर मान्य केलं. तिकडे मद्रासला मोरेलोने पळणी सुब्रमण्य पिळ्ळै यांचा मृदंग जवळून ऐकला आणि त्यांच्याबरोबर वाजवलंही. बोटांनी, तळव्याने, मनगटाने एका कातड्यातून किती आवाज काढता येतात हे काठ्यांनी वाजवणाऱ्या माणसाने पाहिलं. त्याचा हिशेब ‘कलकत्ता ब्लूज’मध्ये लागतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ब्रुबेक भारतात आला तेव्हा आपल्या आकाशवाणीने पट्ट्यांच्या वाद्याला दाराबाहेर काढलेलं होतं. १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती, ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सैल झाली. कारण सांगितलं जाई ते खोटं नव्हतं. पेटीचे बारा स्वर ठरलेल्या जागी खिळलेले. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार पेटीत नाही, तोडीचा उतरलेला गंधार नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही. पियानोचा दोषही नेमका हाच, शिवाय त्याचा स्वर पट्टी दाबल्याक्षणी विरू लागतो. पण गावच्या कीर्तनातून पेटी कधीच गेली नाही. काकड्याला, हरिपाठाला, सप्ताहातल्या रात्रीच्या कीर्तनाला पेटीमास्तर बसतोच. चांगला पेटीमास्तर काय करतो? तो सूर धरून ठेवतो, महाराजांच्या मागे राहतो, त्यांनी जागा सोडली की तेवढी भरतो आणि पुन्हा मागे सरतो. पट्ट्यांच्या वाद्याने कुठे गप्प बसावं याची जाण त्याच्या बोटांत असते.

ही जाण ‘कलकत्ता ब्लूज’चा जीव आहे. तिचं मोल कळायला आधी ब्लूज म्हणजे काय ते पाहू. नेहमीचा ब्लूज बारा मापांचा असतो. पहिली चार मापं सा वर उभारलेल्या स्वरगुच्छाची, म्हणजे सा-ग-प एकदम. मग दोन म वरच्या गुच्छाची, परत दोन सा ची, एक प ची, एक म ची आणि शेवटची दोन पुन्हा सा ची. जमीन अशी सरकत राहते आणि तिच्यावर वादक आपली कल्पना मांडतो. जॅझवाले या सरकण्याला ‘चेंजेस’ म्हणतात. त्यांची बहुतेक अक्कल या बदलांतून वाट काढण्यात खर्च होते. पियानोवाल्याचं तर तेच मुख्य काम, बदल दाखवत राहणं.

‘कलकत्ता ब्लूज’मध्ये ब्रुबेक हे कामच सोडून देतो. जमीन हलत नाही. बास खाली आधारस्वर धरून राहतो, पियानोचा डावा हात त्याच्याशी बांधलेला असतो. तानपुऱ्याचं काम दोघे वाटून घेतात. दोन्ही हातांत दोन षड्ज घेऊन खेळणारा हा माणूस सबंध रचनाभर एका षड्जाशी राहतो. उजवा हात मोजक्या स्वरांत फिरतो. एरवीची भरगच्च बांधणी इथे नाही. एखादा तुकडा येतो, थांबतो, विरून जाऊ दिला जातो. डेस्मंडचा सॅक्सोफोन फुंकीचं वाद्य असल्यामुळे स्वराला थोडं वाकवू शकतो. मींडेच्या सगळ्यांत जवळ जातो तोच. पियानो ते करू शकत नाही आणि करायलाही जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. सतारीची नक्कल करणारा पियानो केविलवाणा झाला असता.

आणि मोरेलो. ड्रमच्या काठ्या बाजूला ठेवून तो हातांनी, बोटांनी वाजवतो. ड्रमच्या कातड्याला तबल्याची शाई नाही, मृदंगाला डाव्या अंगाला लावतात ती कणीक नाही, त्यामुळे बोल तसे उमटत नाहीत. तरी एक गोष्ट कानाला लागलीच पाहिजे. तो ठेका नुसता धरत नाही. ठेक्याच्या पोटात शिरून त्याचे तुकडे करतो, बारीक करतो, पुन्हा मूळ चालीवर येतो. मृदंगाचार्य पखवाजावर हात मोकळा सोडतात तेव्हा टाळ धरलेला माणूस ज्या उत्सुकतेने समेची वाट पाहतो, त्याच उत्सुकतेने हे ऐकावं.

याला राग म्हणता येणार नाही. राग म्हणजे नुसती स्वरांची निवड नव्हे. आरोह-अवरोहाचं वळण, वादी-संवादी, ठरलेल्या जागा, यांतलं काही इथे शोधू नये. ब्रुबेकनेही नावात ‘ब्लूज’ ठेवला, ‘राग’ म्हटलं नाही. एका जागी थांबून किती खोल जाता येतं, एवढंच त्याने आपल्याकडून नेलं, आणि ते नीट ओळखून नेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ आली. बदलत्या गुच्छांऐवजी एकेका स्वरसप्तकावर रेंगाळण्याची ती रीत जगाने डोक्यावर घेतली. त्या काळी अनेक जण त्या दिशेने चालले होते, पहिला कोण हा वाद व्यर्थ आहे. पण त्या वाटेचा इतिहास सांगताना ‘कलकत्ता ब्लूज’चं नाव क्वचितच निघतं, हा अन्याय आहे.

बाकीच्या पाच रचनांत दोन मोठ्या ताकदीच्या आहेत. ‘थँक यू’, पोलिश भाषेत ‘जेंकुये’, ही पोलिश रचनाकार शोपँला वाहिलेली. पोलंडात शोपँचं संग्रहालय पाहून ब्रुबेकच्या मनात ती धून आली आणि पोझनान शहरातल्या कार्यक्रमात त्याने ती वाजवली. वाजवून झाल्यावर सभागृह एकदम गप्प झालं, आपल्या हातून या लोकांचा अपमान घडला की काय असं त्याला वाटलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. तिच्यात त्याचा जड म्हणून हिणवलेला हात किती हळवा होऊ शकतो ते ऐकावं. दुसरी ‘द गोल्डन हॉर्न’, इस्तंबूलची. तुर्की लोक आभार मानताना ‘चोक तेशेक्कुर एदेरिम’ म्हणतात. त्या बोलण्याचा ठेका उचलून त्याने धून बांधली. आपल्याकडे तबला शिकणारं पोर आधी तोंडाने बोल म्हणतं आणि मग ते हातात उतरवतं. इथेही तोंडातून बोटांत असाच प्रवास झाला. याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून दोन-दोन-दोन-तीन अशा तुटीचा नऊ मात्रांचा ठेका त्याने ऐकला. त्यावर बांधलेली ‘ब्लू राँडो’ ‘टाइम आउट’मध्ये गेली आणि प्रसिद्ध झाली. ज्या झाडाचं फळ जगाने खाल्लं, त्याची मुळं या आधीच्या तबकडीत आहेत.

‘नोमॅड’ अफगाणिस्तानात पाहिलेल्या भटक्या टोळ्यांवरची आहे. दसऱ्यानंतर रात्री-अपरात्री कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोडीच्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, बिऱ्हाड, लेकरं, जनावरं सगळं बरोबर घेऊन चाललेली, त्यांना तिच्यातली चालत्या माणसांची लय परकी वाटणार नाही. ‘ब्रँडनबर्ग गेट’मध्ये जर्मन रचनाकार बाखच्या वळणाने दोन सुरावटी एकमेकींत गुंफल्या आहेत. ‘मार्बल आर्च’ लंडनची, खेळकर, पण या संगतीत हलकी पडते.

मग ही तबकडी मागे का पडली? ‘टाइम आउट’ची सावली हे पहिलं कारण. दुसरं तिच्या नावात आहे. ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ’ या नावाने ब्रुबेकच्या अमेरिकेवर, जपानवर, न्यूयॉर्कवरही तबकड्या निघाल्या. प्रवाशाने घरी धाडलेल्या चित्रपत्रांचा संच, असा समज होऊन बसला. तिसरं कारण मला जास्त खरं वाटतं. ‘टाइम आउट’ला एक सूत्र होतं, प्रत्येक रचनेत तालाचं काहीतरी नवं. ते एका वाक्यात सांगता येई आणि विकताही येई. ‘युरेशिया’त बाख, शोपँ, तुर्की बोली, अफगाणी वाट, लंडन आणि कलकत्ता असा सहा ठिकाणचा ऐवज आहे. तो एका वाक्यात बसत नाही. शिवाय ध्वनिमुद्रण १९५८ च्या उन्हाळ्यात झालं तेव्हा बासवर यूजीन राइटऐवजी जो बेंजामिन होता. म्हणजे प्रवास केलेली चौकडी आणि तबकडीवरची चौकडीसुद्धा तंतोतंत एक नाही.

मुंबईने या साऱ्याला दहा वर्षांनी आपल्या परीने उत्तर दिलं. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ निघाली. तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतार रईस खाँ यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत, आणि पियानोवर लुसिला पाशेको. सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाद्य हाती घेणाऱ्या बायका फार थोड्या होत्या, त्यांतल्या या एक. ब्रुबेक गुच्छ टाकून देतो, पाशेको गुच्छ ठेवून रागाला सांभाळतात. सतारीखाली पियानोचे सूर पसरताना रागाला कुठे धक्का लागतो आणि कुठे नवा रंग चढतो, हे बारकाईने ऐकण्यासारखं आहे. शिवरंजनीसारख्या पाच स्वरांच्या रागात ते फार सुंदर साधलं आहे. तोडीत ओढाताण होते, कारण तोडीचा गंधार पियानोजवळ नाहीच. ही तबकडीही बरीच वर्षं जुन्या बाजारात पडून होती.

दोन्ही आता मोबाइलवर सहज मिळतात. ‘युरेशिया’ पाऊण तासात ऐकून होते. तबकडीतला क्रम पाळायची गरज नाही. आधी ‘कलकत्ता ब्लूज’ लावा, तोही हेडफोन घालून किंवा बऱ्या स्पीकरवर, कारण फोनच्या स्पीकरमधून बासचा आधारस्वर येतच नाही आणि त्याच्यावाचून सगळी इमारत अधांतरी वाटते. मोरेलोचा हात सुरू झाला की आवाज थोडा वाढवा. शेजारी पखवाज वाजवणारं कोणी असेल तर त्यालाही बसवा, सम कुठे येते ते तो तुमच्या आधी सांगेल. त्यानंतर ‘थँक यू’, मग ‘गोल्डन हॉर्न’ आणि ‘नोमॅड’. ‘मार्बल आर्च’ राहिली तरी चालेल.